पूल सोडू नकोस

मॅच हरली की माइकवर आधी शांतता पसरायची. मग कोणीतरी घसा खाकरायचं आणि विचारायचं, "बोला, आज नारळ कोणाला?"

हे विचारणारा बहुतेक वेळा स्वरूपच असे. पाच जणांच्या त्या टीमचा तो कॅप्टन होता. खेळ डावपेचांचा होता. दोन किल्ले, मध्ये नदी, नदीवर एक पूल. कोणी धान्याचं कोठार सांभाळायचं, कोणी पूल राखायचा, बाकीच्यांनी समोरच्या किल्ल्यावर चालून जायचं. खेळ फोनवर, बोलणंही फोनवरच. स्वरूपने आपल्या टीममधल्या एकालाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. ज्याच्यामुळे हरलो त्याला मतदान करून टीमबाहेर काढायचं, ही प्रथा त्यानेच सुरू केली होती. ती त्याने ऑफिसातून उचलली होती. ज्या विमा कंपनीचं काम तो घरी बसून करायचा, तिथे दर सोमवारच्या मीटिंगमध्ये सर्वांत मागे राहिलेल्याचं नाव सगळ्यांसमोर वाचलं जाई. स्वरूपला तो प्रकार आवडत नसे. पण माणसं त्यानेच सुधारतात, असं त्याला मनापासून वाटे.

आपलं तरी कुठे वेगळं आहे? घरात दूध उतू जातं, ऑफिसात फाइल अडकते, सोसायटीची टाकी रिकामी होते, आणि आपला पहिला प्रश्न एकच असतो : कोणी केलं? नाव मिळालं की काम झाल्यासारखं वाटतं. टाकी मात्र रिकामीच असते.

त्या रविवारी मिळालेलं नाव होतं 'वटार'.

या नावाने खेळणारा गडी काही महिन्यांपूर्वी जागृतीच्या ओळखीने टीममध्ये आला होता. जागृती विरारची, बोलायला मोकळी. वटार मात्र माइक कधीच लावत नसे. जे सांगायचं ते लिहून सांगे, तेही शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट. टीममधले उरलेले दोघे, अल्पेश आणि जॅक्सन, त्याला मुका म्हणायचे. त्या दिवशी स्पर्धेतली महत्त्वाची मॅच होती. सुरुवातीलाच स्वरूपने वटारला बजावलं होतं, "पूल सोडू नकोस. मी येतो." वटारने पूल सोडला नाही. शत्रू नदीतून होड्या घालून मागे उतरला, कोठार पेटलं, आणि वटार पुलावर उभाच!

"पुतळा बसवलाय काय रे तिथे?" अल्पेश म्हणाला. "मागे घर जळतंय आणि हा भाई पुलावर हवा खातोय."

"वटारला केळी सोलायला बसवा," स्वरूप म्हणाला. सगळे हसले.

पडद्यावर एक ओळ उमटली : मी विचारलं होतं. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मतं पडली. जागृतीचं मत जरा उशिरा आलं, पण आलं. 'वटार लिहीत आहे' अशी खूण दिसत असतानाच स्वरूपने बटण दाबलं, आणि ते नाव यादीतून गेलं. काय लिहायचं होतं ते कोणाला कळलं नाही.

वटारच्या जागी अल्पेशने आपल्या ओळखीचा एक गडी आणला. पुढच्याच मॅचमध्ये किल्ल्यावर चालून गेलेला स्वरूप सगळं सैन्य घालवून बसला. शांतता पसरली. अल्पेशने घसा खाकरला. तो थट्टा करतोय असं स्वरूपला वाटलं, म्हणून तोही हसला. हसणं संपायच्या आत पडदा बदलला. तुम्हाला या टीममधून काढण्यात आलं आहे.

त्यानंतरचे दिवस त्याला जड गेले. नालासोपाऱ्यात, आचोळ्याच्या एका भाड्याच्या खोलीत तो एकटाच राहायचा. आईवडील मोठ्या भावाकडे नाशिकला. काम विम्याचे कागद तपासण्याचं, त्यात बोलणं नाहीच. संध्याकाळी रखमाबाई जेवणाचा डबा दाराच्या कडीला अडकवून जायच्या आणि आदला रिकामा डबा घेऊन जायच्या. कडी वाजली की स्वरूप थोडा थांबायचा, पावलं जिन्यावरून उतरली की दार उघडायचा. मुद्दाम नव्हे, तसं होऊन गेलं होतं. आता मात्र त्याला जाणवलं, की टीममधली ती कलकल सोडली तर आपल्याला नावाने हाक मारणारं आसपास कोणीच नाही. भावाला फोन करून काय सांगणार? मोबाईलच्या खेळातून काढलं म्हणून वाईट वाटतंय? त्याने दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. नेहमीच्या वेळेला हात आपोआप फोनकडे जाई. अनोळखी माणसांबरोबर तो एखादी मॅच खेळे. ती संपली की सगळी नावं एकदम विझत, आणि समोरच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत.

जागृतीचा फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून पहिला शब्द घोगरा निघाला.

"आजारी आहेस का?" तिने विचारलं.

"नाही. बरेच दिवस बोललो नव्हतो."

जागृती म्हणाली, "वटार कोण आहे ते बघायचंय? माझी आत्या आहे."

"आत्या? मग तिच्या विरुद्ध तूही मत दिलंस?"

"दिलं. नसतं दिलं तर पुढचा नारळ मला होता. नियम तुझाच होता ना?"

रविवारी सकाळी जागृतीने त्याला नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला स्कूटरवर घेतलं. गर्दीचा रस्ता संपला, दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या लागल्या, आणि वटार नावाच्या गावातल्या एका गल्लीत जयवंतीबाईंचं घर आलं. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यानंतर घर, वाडी आणि विहिरीवरचा पंप एवढंच त्यांच्या सोबतीला उरलं होतं. फोनवर खेळ जागृतीने शिकवला, तो त्यांना भलताच आवडला. माइक का लावत नव्हता, असं स्वरूपने विचारलं तेव्हा त्या हसल्या. "आवाज ऐकला असतात तर काकू, काकू करून मला कोपऱ्यात बसवलं असतंत. मला खेळायचं होतं."

स्वरूप माफी मागायची म्हणून आला होता, पण खुर्चीत टेकल्यावर तोंडून निघाली ती तक्रार. अल्पेशने घाई केली, जॅक्सनने साथ दिली नाही, आपल्याला उगाच काढलं. जयवंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "चल, वाडीत पाणी सोडायचंय. जागृती चहा टाकेल. तू पंपापाशी उभा राहा. मी शेवटच्या आळ्याशी जाते. मी 'पोचलं' म्हणून हाक मारली की बंद कर. तोवर हलायचं नाही."

त्या केळींच्या आड गेल्या. पंप सुरू झाला, पाटातून पाणी धावू लागलं. स्वरूप उभा राहिला. डास चावू लागले. हाक येईना. बाई आपल्याला विसरल्या की काय? फोनवर कोणाशी बोलत बसल्या? आपण इथे उभे आहोत हे कोणाला ठाऊक तरी आहे का? पंप बंद करून निघून जावं असं त्याच्या मनात आलं, पण गेला नाही. जायला सांगितलेलं नव्हतं.

आणि एकाएकी त्याला पूल आठवला.

हाक आली नाही, बाईच परत आल्या. मात्र सरळ त्याच्याकडे नाही. पाटाच्या कडेकडेने, खाली बघत, एकेक आळं ओलांडत त्या मागे येत होत्या. पंपाजवळच, स्वरूपच्या पाठीमागे, पाटाचा बांध ढासळला होता आणि सगळं पाणी गवतात चाललं होतं. ढासळलेल्या मातीत चपलेचा ठसा होता. स्वरूपने आपल्या पायांकडे पाहिलं. आत येताना त्यानेच तिथे पाय दिला होता.

बाईंनी कुदळीने चिखल ओढून बांध लिंपला आणि पुन्हा पलीकडे गेल्या. थोड्या वेळाने केळींमागून लांबलेली हाक आली, "पोचलं!"

ती हाक ऐकून त्याला इतकं बरं वाटलं, की पंप बंद करताना त्याचे डोळे भरून आले.

चहा पिताना बाईंनी त्या मॅचचं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. पुलावर त्यांचा शिपाई उभा होता. खाली ओळी येत होत्या. होड्या दिसत आहेत. कोठाराकडे जाऊ का? कॅप्टन, पूल सोडू का? त्याच वेळी स्वरूपचा घोडेस्वार पुलाकडे यायचं सोडून समोरच्या किल्ल्याकडे धावत होता. दार फोडण्याचा मान त्याला स्वतःला हवा होता. 'मी येतो' हे तो पार विसरून गेला होता.

"आमच्याकडे पलीकडून हाक आल्याशिवाय माणूस जागा सोडत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून मी उभी राहिले. ती माझी चूकच. खेळात डोकं चालवायला हवं होतं."

"चूक माझी होती, काकू," स्वरूप हळूच म्हणाला. "पण खेळ म्हटला की कोणाला तरी जबाबदार धरावंच लागतं ना? नाहीतर कोणी सुधारायचं कसं?"

"धर की. पण कुठून धरायला सुरुवात करतोस? शेवटच्या केळीला पाणी पोचलं नाही म्हणून केळ उपटली, तर पुढच्या वेळी तिच्या अलीकडची सुकते. मग तीही उपटायची. असं करत शेवटी तू पंपाशी एकटाच उरतोस." त्यांनी कप खाली ठेवला. "मी सगळी नोकरी न दिसणाऱ्या माणसांचे आवाज जोडण्यात घालवली. आवाज तुटला की आम्ही आधी तार बघायचो. बोलणाऱ्याला शिव्या देत नव्हतो."

त्या दिवशी बाई काय लिहीत होत्या, एवढंच स्वरूपने विचारलं.

"सगळे जेवलात का, असं लिहीत होते," जयवंतीबाई म्हणाल्या. "जेवायची वेळ झाली होती."

टीम पुन्हा जमवायला जागृतीला बरीच मनधरणी करावी लागली. जॅक्सन लगेच आला. अल्पेशने "नारळ नाही तर मजा काय राव," म्हणून आढेवेढे घेतले. मग आपण आणलेल्या गड्याने आपल्यालाच काढायला मतं मागितल्याचं सांगत तोही आला. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचही जण खेळले. मध्येच पुलावरून ओळ आली, होड्या दिसत आहेत. समोरच्या किल्ल्याचं दार आणखी दोन घावांत पडलं असतं. स्वरूपने घोडा वळवला आणि पुलाकडे गेला. पूल राहिला, किल्ला हातचा गेला, आणि मॅच थोडक्यात हरली.

माइकवर तीच जुनी शांतता पसरली. कोणीच घसा खाकरला नाही. मग टीममध्ये पूर्वी कधी न उमटलेला एक आवाज आला, स्वच्छ, टेलिफोनच्या तारेवर घोटलेला.

"बोला. पाणी कुठे तुटलं?"

"माझ्याकडे," स्वरूप म्हणाला. "दाराशी फार वेळ घालवला."

"माझ्याकडे पण," अल्पेश पुटपुटला. "धान्य उशिरा पाठवलं मी." आणि मग "आयला, ही कोण बोलली?" असं तो ओरडला, तेव्हा जागृती हसत सुटली.

वाचकहो, चुका होणारच. घरात, ऑफिसात, खेळातही. चूक झाली की माणूस शोधायचा, की फुटलेला पाट, एवढं ठरवणं आपल्या हातात आहे. माणूस काढून टाकणं सोपं, त्याला बटण पुरतं. पाट शोधायला मागे चालत जावं लागतं, आणि कधीकधी ठसा आपल्याच चपलेचा निघतो. तरीही चालत जावं. आपल्या शब्दावर विसंबून कोणीतरी पलीकडे उभं असतं.

आचोळ्याच्या खोलीत दाराची कडी वाजली.

"थांबा हं, आलोच," स्वरूप माइकवर म्हणाला, आणि पावलं जिन्याकडे वळायच्या आत त्याने दार उघडलं. रखमाबाई डबा हातात घेऊन दचकून मागे सरल्या.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "घरात माणूस असतो होय!"