वच्छलाताईंचा माफीनामा

विधानसभेतून वर्षभरासाठी निलंबित होऊन वच्छलाताई गावंडे अकोला स्टेशनवर उतरल्या, तेव्हा हारांच्या ढिगात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या एका घरातलं पिण्याचं पाणी बाटलीत भरून नागपूरच्या अधिवेशनात नेलं होतं. थेट पाणीपुरवठा मंत्र्यांच्या बाकापाशी जाऊन म्हटलं होतं, "साहेब, एक घोट घ्या. आमच्या बाया रोज पितात." मंत्र्यांनी हात झटकला, बाटली कलंडली, कागद भिजले आणि गदारोळात सत्ताधाऱ्यांनी निलंबनाचा ठराव मंजूर करून घेतला.

तीन दिवस त्या टीव्हीवर दिसल्या. मग टीव्ही दुसरीकडे वळला.

आठ महिन्यांत त्यांच्या पक्षाचे जिल्ह्यातले उरलेले दोन्ही आमदार सत्ताधारी पक्षात जाऊन बसले. त्यांच्या हिवरखेडच्या घरासमोर लागणाऱ्या गाड्या कमी होत होत बंद झाल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी आरती बंगळुरूला. ती रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची, "आई, जेवलीस का?"

खारपाणपट्ट्यातल्या गावांना नळाने गोडं पाणी देणाऱ्या योजनेची बैठक अमरावतीला होती. ताई पोहोचल्या, तर दारावरचा शिपाई अवघडून म्हणाला, "मॅडम, यादीत तुमचं नाव नाई."

"मी इथली आमदार आहे."

"होय ना मॅडम. पण मले यादी देल्ली."

त्या बाकावर बसून राहिल्या. चार वाजता कळलं की साहेब मंडळी मागच्या जिन्याने कधीच गेली. परतीच्या अकोट एसटीत, जिच्यावर 'विधानसभा सदस्य' असं रंगवलेलं असतं त्या सीटवर, क्लासची बॅग पोटाशी धरून एक मुलगी गाढ झोपली होती. ओळखपत्र काढायला ताईंचा हात पर्समध्ये गेला आणि तसाच बाहेर आला. वाहक म्हणाला, "मावशी, मांगं सरका जराशा." त्या मागे सरकल्या आणि दर्यापूरपर्यंत दांडी धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी देवीदास आला. पंधरा वर्षं त्यांच्या प्रचाराची धुरा वाहणारा हा माणूस आता गळ्यात सत्ताधारी पक्षाचा दुपट्टा घालून ओसरीच्या कडेला बसला.

"ताई, तुमी इकडं आल्या का निलंबन उठलं समजा. योजनाई मंजूर. मंत्रीसाहेब सोता बोलले."

"आन नाई आली तर?"

देवीदासने खाली पाहिलं. "मंग फाइल तिथंच पडून राहीन, ताई."

"चहा घे आन जाय," त्या म्हणाल्या. चहा न घेताच तो उठला.

त्याचा त्यांना राग आला, पण दुःख झालं नाही. दुःख झालं ते इनायतुल्ला आले तेव्हा. खारपाणपट्ट्यातल्या खालच्या गावात त्यांचं गाद्या भरायचं दुकान. त्यांची बायको रजियाबी हिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला अकोल्याला न्यावं लागे. विधानसभेत सांडलं ते पाणी तिच्याच माठातलं.

 इनायतुल्ला कपड्यांवर चिकटलेला कापूस वेचत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी चालल्या जा तिकडं."

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुमी म्हणता हे, इनायतभाई?"

"मीच म्हणून राह्यलो. गावातल्या लोकायनं मले पाठवलं. तुमी आमच्यासाठी भांडल्या, आमी पाह्यलं. पण नळ तर आला नाई ना! लोकं म्हणतात, बाईच्या भांडणापायी गाव तहानलं. रजिया तर गेल्यात जमा हाय. पण घरात सून हाय, लेकरं हायत. तुमची इज्जत मोठी का त्यायचा जीव मोठा, तुमीच सांगा."

 इनायतुल्ला गेल्यावर ताईंनी फोन हातात घेतला. फोन करून विचारावं असं एकेक नाव त्यांनी मनात आणलं. जे विचारण्याजोगे होते ते पलीकडे गेले होते, आणि राहिलेल्यांना ताई जाणार की राहणार एवढंच ऐकायचं होतं.

शेवटी त्यांनी वही ओढली. पक्ष सोडायचा नाही, हे ठरलं. पण मंत्र्यांना खरं हवं होतं ते ताईंचं वाकणं, आणि ते देता येण्यासारखं होतं. वीस वर्षं शिक्षिका म्हणून फळ्यावर लिहून वळणदार झालेल्या अक्षरात त्यांनी विधानसभा अध्यक्षांना लिहिलं : माझ्या वर्तनाने सभागृहाचा अवमान झाला. मी बिनशर्त माफी मागते.

मंत्र्यांनी तो कागद कॅमेऱ्यासमोर फडकवला. निलंबन उठलं. त्याच संध्याकाळी ताईंच्या स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"कोणाला विचारून केलंत? तुमच्या बाटलीवर आम्ही राज्यभर सभा घेतल्या."

"सभा झाल्या साहेब. पाणी नव्हतं झालं."

"मग पुढच्या वेळी तिकीट पाण्याकडेच मागा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. व्हॉट्सॲपवर रात्रीपर्यंत फिरत होतं, वाघीण वाकली.

योजना मंजूर झाली. दिवाळीनंतर भूमिपूजन ठरलं. पत्रिकेत एकवीस नावं होती, ताईंचं नव्हतं. त्या दिवशी त्या घरीच होत्या, सुपात तुरी घेऊन निवडत. दुपार कलल्यावर इनायतुल्ला आले. डोक्याला अजून फेटा होता.

"तुमाले बलावलं नाई?"

"नाई."

"मले स्टेजवर उभं केलं, बाई. मंत्र्याच्या मांगं. फोटो काढले." ते फेटा सोडू लागले. "मले वाटलं, कोणी तुमचं नाव घेईन. मीच घ्याले पायजे होतं. तोंड उघडलंच नाई."

"पाइप आले का?"

"आले. रस्त्याच्या कडंनं टाकून राह्यले."

"मंग झालं," ताई म्हणाल्या. "रजियाबी कशी हाय?"

"उद्या अकोल्याले न्याची हाय." सोडलेला फेटा काखेत धरून ते पायऱ्या उतरून गेले.

ताईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. रस्त्यावरून सभेचे ट्रॅक्टर परत चालले होते. एका ट्रॉलीतल्या बाया गाणं म्हणत होत्या. त्यांतल्या दोघींना ताईंनी शाळेत शिकवलं होतं. त्या दोघींनी घराकडे पाहिलं नाही. ट्रॉली वळणाआड गेल्यावर ताई उठल्या आणि एका माणसापुरती कणीक मळायला घेतली.