उस्तादाचा खांदा

"दात आवळ, गनीभाई. आन् वरडू नगं, भाईर बायामान्सं हायेत."

सहादेव पैलवानानं त्याच्या उजव्या काखेत गुडघा रोवला आणि हात दोन्ही मुठींत धरून मागे ओढला. पारनेरात कुस्तीत निखळलेले खांदे सहादेवच बसवायचा, त्यामुळे ओट्यावर येणारा प्रत्येक खांदा त्याला निखळलेलाच वाटे. गनीभाईचा निखळला नव्हता, नुसता आखडला होता. हे त्या दोघांपैकी एकालाही कळलं नाही.

गनीभाई भिंगारच्या छावणीत गोऱ्या साहेबांना गोल्फ शिकवायचा. मैदान म्हणजे नुसता मुरूम आणि कुसळं. भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल पाजलेली वाळू. आधी त्यानं साहेबांच्या काठ्या वाहिल्या, मग बघून बघून खेळ उचलला. छावणीत सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत, आणि या वेड्याला तेवढ्या एका शब्दानं पोट भरल्यासारखं वाटे. पण लढाईच्या वर्षांत खांदा आखडत गेला. काठी मागे नेताना कमरेपाशीच अडायची आणि चेंडू नाल्याच्या अलीकडे पडायचा. नव्या कप्तानानं चारचौघांत हसून विचारलं, "उस्ताद, झाडू मारता है क्या?" सोमवारी काठी पुरती खांद्यामागे गेली नाही, तर शिकवणं बंद आणि वाळू पसरणं सुरू, असं बजावून तो निघून गेला.

खांद्यात काहीतरी कटकन वाजलं.

"बसला!" सहादेव घाम पुसत म्हणाला. "ने बरं आता मागं."

गनीभाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हात गेला. पार मागे गेला. दोघंही पोरांसारखे हसले.

घरी बायको सरवरी मिठाच्या पुरचुंडीनं शेकायला बसली आणि खांदा बघून तिचा हात थांबला. सगळा काळानिळा पडला होता.

"नक्को जाव जी," ती म्हणाली. "वाळू पसरनं काय गुन्हा हाय?"

"गुन्हा न्हाई गं. पन मग उस्ताद कोन म्हनंल मला?"

तिला रडू आलं, रागही आला. ती शेकत राहिली.

सोमवारी कप्तान छत्रीखाली उभा होता. गनीभाईनं काठी उचलली, कमरेवरून, छातीवरून, पार खांद्यामागे नेली. इतकी मागे ती तरुणपणीही गेली नव्हती. तडाखा बसला आणि चेंडू नाला ओलांडून बाभळींपलीकडे गेला.

"शाब्बास, उस्ताद!" कप्तान मनापासून म्हणाला. "फिर एक बार."

गनीभाईनं हसून मान हलवली. काठी त्याच्या मुठीतून केव्हाच गळून पडली होती. वाकून ती उचलायला गेला, तर हात ऐकेना.

कप्तानानं महिनाभर वाट पाहिली, यात त्याला बोल लावता येणार नाही. मग पुण्याहून दुसरा माणूस आला. गनीभाई डाव्या हातानं वाळू पसरू लागला. लोक त्याला आता 'ए गनी' म्हणत.

ईदच्या सकाळी तो ईदगाहवर रांगेत उभा राहिला. इमामाची 'अल्लाहु अकबर' अशी तकबीर झाली. सगळ्यांचे हात कानांपर्यंत गेले. गनीभाईचा डावा गेला. उजवा वीतभर उचलला आणि तिथंच अडला. रांगेतले हात खाली येऊन बांधले गेले. मग त्यानं डाव्या हातानं उजवा उचलला आणि जमेल तसा पोटावर ठेवला.