नीट आवळलेला बोल्ट

नर्सबाईंची गाडी गॅरेजात वळली तेव्हा थोरल्याने मान वर केली नाही. त्याची गरज नव्हती. डिझेल इंजिनाच्या घरघरीत एक बारीक चिवचिव मिसळलेली होती आणि ती ऐकूनच त्याने गाडी ओळखली. तीन महिन्यांपूर्वी ही गाडी आली होती, त्याच्या तीन महिने आधीही आली होती, आणि आता पहिले पाढे पंचावन्न.

"मिस्त्री, पुन्हा तेच हो," बाई उतरता उतरता म्हणाल्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या जखमा बांधत त्या दिवसाला नऊ-दहा घरं फिरायच्या. दमलेल्याला दमलेलं माणूस लगेच कळतं. थोरल्याने दोन मोडक्या खुर्च्यांतली बरी पुढे सरकवली.

"टेन्शन घेऊ नका," तो सवयीने म्हणाला.

"मी कशाला घेऊ? तुम्ही नवा टेन्शनर बसवलाय ना, तो घेईल की."

हा विनोद गॅरेजात आठवड्यातून दोनदा तरी व्हायचाच. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एकच लांब पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि एसी असं सगळं फिरवतो, आणि स्प्रिंगचा एक दांडा पुलीने तो पट्टा ताणून धरतो. त्या दांड्याचं नाव टेन्शनर. असं नाव असल्यावर लोक गप्प कसे बसतील? धाकटा भाऊ दर वेळी नव्याने ऐकल्यासारखा हसायचा आणि गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. थोरल्याला ते कधी जमलं नाही, आणि आता तर हसायला धाकटाही नव्हता.

बाप लवकर गेला तेव्हा थोरला एकोणीस वर्षांचा होता आणि धाकटा अकराचा. पाना कसा धरायचा इथपासून सगळं थोरल्याने शिकवलं. शिकवलं ते असं, की चेला गुरूच्या पुढे गेला. धाकट्याच्या हाताला यश आहे असं गिऱ्हाइकं बोलून दाखवायची, आणि थोरलाही ते मनातल्या मनात कबूल करायचा. तोंडावर मात्र कधी नाही. तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात, असं त्याचं ठाम मत होतं. ते पोर एव्हाना चव्वेचाळीस वर्षांचं झालं होतं.

बाईंच्या गाडीला पहिल्यांदा नवा पट्टा आणि नवा टेन्शनर बसवला तो धाकट्याने. तीन महिन्यांनी उतारावर टेन्शनरचा बोल्ट तुटला, पट्टा उडाला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि वळणावर गाडी भिंतीला जाऊन भिडली. बाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं, एवढ्यावर निभावलं. गाडी ओढून आणली. थोरल्याने बॉनेट उघडलं, तुटका बोल्ट पाहिला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"साधा बोल्ट आवळता येत नाही तुला? बाई मेल्या असत्या आज! तुझ्या हातांवर भरवसा ठेवून लोक गाडीत बसतात, कळतं का?"

बाई तिथेच उभ्या होत्या, कपाळाला ओला रुमाल लावून.

"दादा, मी आवळला होता," धाकटा म्हणाला. थोरल्याने तुटका बोल्ट त्याच्यापुढे धरला. "नीट आवळला होता," धाकटा पुन्हा म्हणाला. मग खालच्या आवाजात, "असं मला वाटतं."

त्याने हात धुतले आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने कळलं की गावाबाहेरच्या एका गोदामाच्या फाटकावर त्याने नोकरी धरली आहे. "तुमच्या जिभेला हाड म्हणून नाही," थोरल्याची बायको म्हणाली. ती तेवढं एकदाच बोलली. त्यानंतर घरात बोलणं उरलं ते मीठ संपलंय, गॅस संपत आलाय, एवढ्यापुरतं.

थोरला तसा वाईट माणूस नव्हता. पण तीस वर्षं आपलंच बरोबर निघत गेलं की माणसाला त्याची चटक लागते. जावं, समजूत काढावी, असं त्याला रोज वाटायचं आणि रोज एखादी गाडी आडवी यायची. गाडी नसली तर गुडघा आडवा यायचा. दोघांचं काम एकट्याने ओढून तो पार पिचून गेला होता, आणि पिचलेल्या माणसाला अहंकार सोडायलाही ताकद लागते.

बाईंच्या गाडीला दुसऱ्यांदा टेन्शनर बसवला तो त्याने स्वतः. बोल्ट जोर मोजणाऱ्या पान्याने आवळला आणि कट्ट असा आवाज येईपर्यंत दोनदा तपासला. आणि आज ही चिवचिव.

त्याने बॉनेट उघडलं. पट्ट्यावर पाण्याचा फवारा मारला. चिवचिव क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पट्ट्याच्या कडेचे दोरे सुटायला लागले होते. टेन्शनरचा दांडा जागेवरच थडथड हलत होता, आणि नवा पार्ट तीन महिन्यांत असा हलत नाही. त्याने बोल्टला पाना लावला. बोल्ट तसूभरही हलला नाही. त्याने स्वतः आवळला होता तसाच तो होता.

मग त्याच्या मनात विचार आला. म्हणजे बोल्ट नीट आवळलेला असूनही टेन्शनर मरतो. म्हणजे मारणारा दुसराच कुणीतरी आहे.

"बाई, जरा गाडीत बसा. रेस करा आणि एकदम बंद करा."

बाईंनी तसं केलं. थोरला अल्टरनेटरपाशी कान नेऊन थांबला. डिझेल इंजिन प्रत्येक ठोक्याला हिसका देतं. तो हिसका पट्ट्याला बसू नये म्हणून या गाड्यांच्या अल्टरनेटरची पुली एका बाजूला मोकळी फिरते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी. पुली चांगली असेल तर इंजिन बंद झाल्यावरही अल्टरनेटर क्षणभर गुणगुणत राहतो. थोरल्याला काहीही ऐकू आलं नाही. "पुन्हा," तो म्हणाला. तीनदा केलं, तिन्ही वेळा काहीच नाही.

त्याने पट्टा उतरवला. एकेक पुली बोटाने फिरवली. बाकीच्या ठीक होत्या. मग अल्टरनेटरचा आतला पंखा स्क्रूड्रायव्हरने अडवून धरला आणि त्याची पुली फिरवून पाहिली. उजवीकडे फिरेना. डावीकडेही फिरेना. दोन्हीकडून जाम. सहा महिने ही पुली प्रत्येक हिसका टेन्शनरवर ढकलत होती. पहिला बोल्ट आवळायचा राहिला म्हणून तुटला नव्हता, हिसके खाऊन खाऊन तुटला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि न्यायाधीश कोण, तर हाच.

त्याला रडू आलं नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं.

"बाई," तो म्हणाला, "धाकट्याची चूक नव्हती. त्या दिवशी मी तुमच्यासमोर त्याला बोललो. चूक माझी होती. मी ही पुली पाहिलीच नाही."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. जखमा पाहायची सवय असलेली बाई ती. "हे मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "गाडी राहू दे इथे. मी बसने जाते. तुम्ही आधी त्याच्याकडे जा."

थोरल्याने पुली काढली, फडक्यात गुंडाळली, भर दुपारी गॅरेजला कुलूप लावलं आणि नाक मुठीत धरून निघाला.

गोदामाच्या फाटकावर धाकटा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. अंगात निळा शर्ट, पुढ्यात वही. आलेल्या ट्रकचा नंबर लिहायचा, आडवा दांडा वर करायचा, खाली करायचा, एवढंच काम. थोरल्याला आधी दिसले ते त्याचे हात. नखं पांढरी स्वच्छ होती. तेहतीस वर्षांत ती तशी कधी पाहिली नव्हती.

"दादा? घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत." थोरल्याने फडकं उघडून पुली वहीवर ठेवली. "बाईंच्या गाडीची. दोन्हीकडून जाम. टेन्शनर हीच मारत होती. माझ्या हातचाही मारला. तू बोल्ट नीट आवळला होतास. मी चुकलो. बाईंनाही तसं सांगितलं."

तीन महिन्यांचं ओझं एका दमात खाली ठेवलं होतं. आता धाकटा चिडेल, चार शब्द सुनावेल, आणि मग सगळं सुरळीत होईल, असं थोरल्याला वाटलं. चार सोडून चाळीस ऐकायची त्याची तयारी होती.

धाकट्याने पुलीला हात लावला नाही.

"मला खरंच वाटलं, मी विसरलो असेन," तो म्हणाला. "रात्र रात्र आठवत बसायचो. आवळल्याचं आठवायचंसुद्धा. पण तू म्हणालास ना, दादा. तू म्हटल्यावर मग माझं आठवणं खोटंच असणार."

एक ट्रक आला. धाकट्याने नंबर लिहिला, दांडा वर केला, खाली केला.

"उद्यापासून ये," थोरला म्हणाला. "हात जोडतो तुझ्यापुढे. तुझ्याइतका हात या गावात कुणाचा नाही. माझासुद्धा नाही. हे मी आधीच बोलायला हवं होतं."

धाकट्याने मान खाली घातली. आयुष्यभर ऐकायचं राहिलेलं वाक्य कानावर पडलं, पण ते ठेवायचं कुठे हे त्याला कळत नसावं.

"गेल्या आठवड्यात पोरीच्या सायकलची चेन उतरली," तो म्हणाला. "मी ती दुकानात नेऊन बसवून घेतली."

थोरल्याला आधी समजलंच नाही. "चेन? आठ वर्षांचं पोरही बसवतं. दुकानात कशाला?"

"शाळेच्या रस्त्याला उतार आहे, दादा," धाकटा म्हणाला. "मी बसवली असती, आणि पोरगी पडली असती तर?"