तीन डुलक्या

तिसऱ्या शुक्रवारी धनीबाई पुन्हा पेंगली आणि विमलताईंना बरं वाटलं.

हे आधीच सांगून टाकलेलं चांगलं. नाहीतर पुढचं सगळं धर्माचं वाटेल.

शुक्रवार पहिला. साल साठ, मार्चचं ऊन, दिग्रसच्या अलीकडे मिशनच्या आवारातलं पत्र्याचं देऊळ. ईस्टरआधीच्या उपासाच्या, लेंटच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी बारा ते तीन, जगाच्या दुःखासाठी प्रार्थना. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू बागेत तळमळत होता आणि शिष्य घोरत पडले होते. ते पाप आपल्या हातून नको, म्हणून पाळक सदाशिवरावांनी गावच्यासारखे जागल्ये नेमले. पुरुषांकडे ते स्वतः. बायकांकडे विमलताई, डोळ्यांत तेल घालून, हातात पाण्याचा तांब्या. पेंगणारीच्या तोंडावर पाणी. तीनदा पेंगली, की ईस्टरच्या प्रभुभोजनाच्या यादीतून नाव बाद.

धनीबाईचं ते पहिलंच प्रभुभोजन असणार होतं. बंजाऱ्यांच्या अख्ख्या तांड्यातून बाप्तिस्मा घेतलेली ती एकटी. भाकरीच्या त्या एका तुकड्यासाठी दोन वर्षं धडे गिरवत होती. विमलताई तिला पाण्यात पाहत. का? तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घराला कारण लागत नाही.

पहिल्या शुक्रवारी तांब्या. दुसऱ्या शुक्रवारी तांब्या.

दुसऱ्याचं थोडं राहिलं. त्या दिवशी धनीबाईच्या पदराला कडुनिंबाचा पाला चिकटला होता. तांड्यावर देवीच्या रोगाची साथ होती, दारोदारी निंबाचे डहाळे लटकत होते, हे आवारात सगळ्यांना ठाऊक. विमलताईंनी तर्क बांधला की बाई चोरून देवीला निंब वाहते. आणि तो पाळकांच्या कानावर घातला.

आता तिसरा. पाणी पडलं तशी धनीबाई उभी राहिली. सदाशिवरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, रात्री कुठं असतेस. ती म्हणाली, तांड्यावर. त्यांनी विचारलं, देवीपाशी?

"सुखीबाईपाशी. नणंद माही. माता निघाल्या तिले. अंगाले कापड सहन होत नाही, म्हून पाल्यावर निजवलं. मले लहानपनीच निघून गेल्या, पुन्हा निघत नाहीत, म्हून मीच बसतो रातभर."

विमलताई म्हणाल्या, मग सांगायचं होतंस, प्रार्थनेत नाव घेतलं असतं.

"सांगतलं होतं, ताई. तुमालेच. लेंट लागला त्या राखेच्या बुधवारी. तुमी म्हनल्या, यादी भरली."

यादी भरलीच होती. मोरोक्कोतला भूकंप, तिबेटातून पळालेले लोक, कोरियातली पोरकी पोरं, महारोगी, कैदी.

सदाशिवरावांनी विमलताईंकडे पाहिलं. मग वही उघडून नाव खोडलं. नियम तो नियम.  धनीबाई ओल्या तोंडानेच बाहेर पडली.

तीन वाजता प्रार्थना सुटली. धनीबाई खोटी निघावी, एवढ्याच आशेवर विमलताई ऊन डोक्यावर घेत तांड्यावर गेल्या.

खोटी निघाली नाही. खोपटात सुखीबाई पाल्यावर उघडी पडली होती. पापण्यांवर फोड, डोळे मिटलेले. धनीबाई सुपाने माशा हाकत होती. विमलताईंनी डोळे मिटले, हात जोडले.

"हात जोडू नका. माशा बसून राह्यल्या. देवीचं टोचून घेतलं हाय ना तुमी? मंग हे धरा."

धनीबाईने सूप त्यांच्या हातात कोंबलं आणि कुडाला टेकली. विमलताई हाकू लागल्या. हाकता हाकता म्हणाल्या, "मी पाळकांना सांगते. नाव परत घालतील."

"तुमच्या हातून नको."

तिने डोळेही उघडले नाहीत. पाल्यावरून सुखीबाईने तांड्याच्या गोरबोलीत विचारलं, कोण आलंय?

"कोनी नाही," धनीबाई म्हणाली. "मिशनची हाय." आणि झोपून गेली.

विमलताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूप टाकून उठावं, असं दोनदा मनात आलं. पण सुखीबाईच्या पापणीवर माशी बसली होती.