नव्या आसाला जुने वंगण

मित्रांनो, आज माझ्या गादीवर कोंबडी अंडी उबवते, त्यामुळे तुम्हांला खरे वाटणार नाही. पण एके काळी वाईच्या रस्त्यावर मला मागे टाकील अशी मोटार नव्हती. मी दोन माणसांची, तांबड्या रंगाची, आता फार जुनी झालेली मोटार आहे.

माझे मालक लालासाहेब उसाचे बागायतदार, आणि वेगाचे वेडे. त्यांनी माझ्या पोटात मोठे इंजिन बसवले आणि मी वाऱ्याशी बोलू लागले. पळायला शिकले, पण थांबायचे राहूनच गेले. १९४६ साली पसरणीचा घाट उतरताना ब्रेक लागेनात. वळणावर कडब्याची गंजी होती, म्हणून वाचलो.

त्यांच्या आई, बयाबाई, कडाडल्या, "आता एकच संधी. थांबली तर ठीक, न्हाईतर मोडीत घाला!"

मग कोरेगावचा अर्जुना आला. लढाईत लष्कराच्या मोटारी दुरुस्त करून तो नुकताच परतला होता. लष्करी लिलावातून त्याने मागच्या चाकांचा जाडजूड आस आणून मला बसवला, रुंद ब्रेकसकट. आसाच्या खाचेत ब्रह्मदेशातला चिखल वाळून बसला होता. मला केवढे कुतूहल! हे पाय कोणत्या रानातून चालले असतील? हत्ती पाहिले असतील का यांनी?

मला पुसायचे, न्हाऊ घालायचे काम नाथाजींचे. पूर्वी ते बैलगाडी हाकत. चाचणीच्या सकाळी अर्जुना भाकरी खायला गेला, तेव्हा चाकांतले ब्रेकचे डबे उघडेच होते. नाथाजींनी आत बोट फिरवले.

"आगं बया, कोरडं ठणठणीत!"

त्यांनी एरंडेलात राख कालवली आणि मायेने आत थापू लागले. ओठांवर गाणे होते :

आसा रं माझ्या राजा, घे तेलाची आंघूळ,
घाट नागिणीची चाल, नको वाजवू खुळखुळ.

अर्जुना येईपर्यंत त्यांनी डबे बंदही करून टाकले. गारेगार वाटले मला. चुकले काय, ते मला तरी कुठे ठाऊक होते?

घाटाच्या पायथ्याशी चुन्याची रेघ मारून लालासाहेब आणि बयाबाई उभे राहिले, मागे सगळा गाव. अर्जुना आणि नाथाजी मला घेऊन घाट चढले. माथ्यावर मला वळवून उभे केले, चाकाला धोंडा लावला. नाथाजींना राहवेना.

"अर्जुना, ही थांबती तरी कशी रं?"

"आवं मामा, डब्याच्या आत दोन पट्ट्या हायत्या. पाय दाबला की त्या डब्याला घट्ट धरत्यात. पर कोरड्या पायजेत. थेंबभर तेल गेलं की सरळ दरीत!"

नाथाजी पांढरेफटक पडले. धोंडा काढायला अर्जुना वाकला होता.

"थांब गड्या! धोंडा काढू नगंस."

"का?"

"म्या वंगान घातलंया. बैलगाडीच्या आसाला घालतो तसं. कोरडा आस घाटात धाडू नये म्हनत्यात."

"किती घातलं?"

"पोटभर."

अर्जुना तो धोंडा पुन्हा घट्ट लावून उठला. मग हसत सुटला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. दोघांनी डबे उघडले. रेशनचे पेट्रोल ओतून पट्ट्या धुतल्या. फडके पुरेना, तेव्हा नाथाजींनी डोक्याचा पटका सोडला आणि त्यानेच पुसून पुसून पट्ट्या कोरड्याठाक केल्या.

मग मी उतरले. वळणावळणावर थांबून पाहिले. नव्या पायांनी प्रत्येक वेळी जमीन धरली. पायथ्याशी मी रेघेवर उभी राहिले. अगदी चुन्यावर चाक.

बयाबाईंनी पाहिले. "नाथाजी, डोसकं उघडं का रं?"

सगळा गाव ऐकत होता. नाथाजी म्हणाले, "आईसाब, पटका ब्रेक पुसायला गेला. चूक माजी हुती."

बयाबाई मुलाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "लालासाहेब, नाथाजीला नवा पटका आना. भरजरी."

मित्रांनो, आम्हां मुक्या वस्तूंना माया हवीच असते. पण नुसत्या मायेने आमचे भागत नाही. अनोळखी वस्तूला हात लावण्याआधी, ती चालते कशी, हे कुणाला तरी विचारा. आणि चूक झालीच असेल, तर घाट उतरायच्या आधी सांगा.