पिशवीतून वाचलेली बातमी

माझा नवरा रंगारी. आयुष्यभर लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या आणि शेवटी स्वतःच्या आजारपणासाठी घरातली मागची खोली पांढरीशुभ्र रंगवली, धुता येणाऱ्या रंगाने. "झाली की नाही ऑपरेशन थिएटरसारखी?" म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, "हो, आता डॉक्टरही तुम्हीच व्हा." माझ्या मेलीच्या तोंडाला कधी कुलूप नसतंच.

त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. हातातल्या शिरा डायलिसिसच्या मशीनच्या सुया टोचून टोचून बंद पडलेल्या. किडनी बदलायची तर हृदयाला झेपायचं नाही. राहता राहिला पोटातला पडदा. आतड्यांभोवती एक पातळ, ओलसर पडदा असतो, त्यातून रक्तातली घाण गाळता येते. पोटाला बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं, काही तास राहू द्यायचं, मग घाणीसकट पिशवीत उतरवून घ्यायचं. दिवसातून चारदा. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. आमची लेक पहिलटकरीण, परगावी, दिवस भरत आलेले. "नातवंड एकदा मांडीवर घेतो, मग काय व्हायचं ते होऊ दे," हे यांचं एकच टुमणं. तोवर त्या पडद्याने टिकायला हवं होतं.

उतरलेलं पाणी स्वच्छ आहे का, हे बघायची युक्ती नर्सने शिकवली होती. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ठीक. पाणी गढूळ दिसलं तर पडद्याला जंतू लागले म्हणून समजायचं आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. आधी दोनदा लागले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता उशीर केलात, तर नळी काढावी लागेल." यांनी त्यातलं नळी काढायचं तेवढंच डोक्यात ठेवलं.

मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. नळी मी जोडून द्यायची, पाणी उतरलं की मी शिलाई मशीनवरूनच ओरडायचं, "वाचा!" आणि यांनी आतून खणखणीत आवाजात बातमी वाचायची, मग पिशवी मोरीत रिकामी करायची. मला काय, आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. उठून बघायचे कष्ट कोण घेतो?

त्या सकाळी मला शाळेच्या शर्टाची कॉलर बेतायची होती. हाताशी कागद नव्हता, म्हणून यांचा चहा झाल्यावर त्या दिवशीच्या पेपरचं पहिलं पान मी काढून आणलं आणि यांच्या टेबलावर जुनी रविवारची पुरवणी टाकली. दुपारी मी ओरडले, "वाचा!"

"पुलाचं काम पुन्हा रखडलं," आतून आवाज आला. "नागरिकांचे हाल."

माझी कात्री तिथेच थांबली. पुलाची बातमी माझ्या हाताखाली होती. अर्धी कापलेली.

मी आत गेले. पिशवी पुरवणीवर होती आणि खालचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तांदूळ धुतल्यासारखं पाणी.

"कधीपासून?"

"परवापासून."

"पोट दुखतंय?"

त्यांनी पोटावर चादर ओढून घेतली. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचायचा, ठळक ओळी पाठ करायच्या आणि मला म्हणून दाखवायच्या! हसावं की डोकं आपटावं?

गाडीत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. "माझ्याशी खेळ मांडलात? लहान आहात का?" पोट दाबून धरत ते एवढंच म्हणाले, "नळी काढली असती गं. वाटलं, निवळेल आपोआप."

नळी काढलीच. मांडीच्या शिरेत तात्पुरती दुसरी घातली आणि मशीन लावलं. काही दिवसांनी डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं. पडदा जाड होऊन आतड्यांना चिकटला होता. तो आता काही गाळणार नव्हता. पहिल्याच दिवशी आला असतात, तर पिशवीतूनच औषध देऊन वाचवता आला असता, म्हणाले. मांडीची शीर थोडे आठवडे चालेल. त्यानंतर डॉक्टरांकडे काही उपाय नव्हता. मी काय काय विचारलं, हात जोडले, माझा पडदा काढून बसवता येतो का, असंही विचारलं. तसं नाही होत, म्हणाले.

डोळे धुऊन मी वॉर्डात गेले. हे उशीला टेकून बसले होते.

"काय म्हणाले?"

"जखम भरली की नळी पुन्हा बसवू म्हणाले."

"औषधाच्या पाण्याचे बॉक्स आले का घरी, या महिन्याचे?"

"आले की. भिंतीशी रचून घेतले." बॉक्सची गाडी आली होती, मी दारातूनच परत पाठवली होती.

"कुठल्या भिंतीशी?"

"ती… खिडकीखालची."

ते माझ्याकडे बघत राहिले. घरी त्या खिडकीखाली त्यांची खाट होती. इतके दिवस हॉस्पिटलात असूनही त्या माणसाला स्वतःच्या खोलीचा कोपरा न् कोपरा ठाऊक.

"तुला काही येत नाही गं खोटं बोलायला," ते हळूच म्हणाले. "एवढी कशी कच्ची तू?"

मला हसू फुटलं, आणि मग आवरेचना, पदरात तोंड खुपसून मी रडत सुटले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या हाताला वजन राहिलं नव्हतं.

"मग शिकवा मला," मी म्हटलं. "संध्याकाळी लेकीचा फोन यायचाय."