सुतकाची सतरंजी

पौषातली पहाट. कादवेच्या काठाने धुक्याची शुभ्र, संथ, शब्दहीन नदी वाहत होती आणि खरी नदी तिच्या पांघरुणाखाली निजली होती. निफाडच्या मुलखातली ही थंडी अंगाला नुसती लागत नाही, हाडांत बिऱ्हाड करते. द्राक्षबागांच्या ओळीओळींतून शेकोट्या पेटल्या होत्या. निळा धूर, तांबूस ज्वाळा, आणि त्या उजेडात हिरवे, अर्धपारदर्शक, अजून आंबट असलेले घड. मण्यांना गारठा बाधू नये म्हणून माणसं रात्रीपासून विस्तव राखत बसली होती.

मण्यांची अशी काळजी करणारं गाव ते. माणसांची काळजी करायची त्याला तेवढी सवय नव्हती.

एका बागेच्या कडेला, द्राक्षाच्या मोकळ्या तारेवर, एक सतरंजी वाळत होती. निळा पट्टा, तांबडा पट्टा, पुन्हा निळा, पुन्हा तांबडा. जाड सुताची, बारा हात लांब, ओली झाली की चौघींना न उचलणारी. ती भावकीची होती. भावकीत कुणी गेलं की ती त्या घरी यायची, तेरा दिवस ओटीवर अंथरली जायची, आणि बसायला येणारे तिच्यावर बसायचे. मग त्या घराने ती नदीवर धुवायची, कोरडीठाक वाळवायची. घरातल्या थोरल्या बाईने तिला गाल लावून पाहायचं आणि म्हणायचं, वाळली. तेव्हा सुतक फिटायचं. तोवर गेलेल्याच्या बायकोने गाव सोडायचं नाही, असा नेम होता.

या खेपेला ती रंगनाथसाठी आली होती. मार्गशीर्षात थंडी बाधून आलेल्या तीन दिवसांच्या तापाने चौतीस वर्षांचा, उंच, हसरा, ऊनवर्णी रंगनाथ नेला. मागे बायको वैजंता राहिली. मूलबाळ नव्हतं. होती ती ही बाग: खड्डे त्याने घेतले, कलमं तिने लावली, आणि पहिल्या वर्षी पाणी दोघांनी डोक्यावरून वाहिलं.

तेराव्याच्या दुपारी सतरंजीच्या मधोमध शांताराम बसला होता, रंगनाथचा थोरला भाऊ. सभोवार पांढऱ्या टोप्या, पितळी ताटल्या, तंबाखूचा उग्र वास.

"आता तिचं हितं काय राह्यलंय," तो म्हणाला. "पोर ना बाळ. सतरंजी वाळली की येवल्याला भावाकडं सोडू तिला."

टोप्या हलल्या. मग सगळ्या टोप्या दाराकडे वळल्या, कारण दाराआड ठकूबाई बसली होती, या दोन्ही भावांची आई. शेत तिच्या नावावर होतं, घर तिच्या नावावर होतं. 'राहू द्या तिला,' एवढंच ती म्हणाली असती, तर तिच्याच ओटीवर तेरा दिवस चहा प्यायलेल्या त्या माणसांची पुढे ब्र काढायची छाती नव्हती. तिच्या मागेच वैजंता उभी होती, श्वास धरून, त्या एका वाक्याची वाट बघत. ठकूबाईने पदर कपाळावर ओढला आणि मूग गिळले.

दुसऱ्या दिवशी वैजंताने सतरंजी धुतली. बर्फगार, काळ्याशार पाण्यात गुडघाभर उभी राहून धुतली. चहाचे डाग निघाले, तंबाखूचे निघाले. शांताराम बसला होता तो तांबडा पट्टा तिने दोनदा घासला, तिसऱ्यांदा घासला, बोटांची सालं निघेपर्यंत घासला. तो स्वच्छ झाला, आणि तिचा राग होता तसाच राहिला.

मग सुरू झालं वाळवणं. पहिला दिवस सतरंजी नुसती ठिबकत होती. दुसऱ्या दिवशी माध्यान्हीला पिवळं, पातळ, कृपण ऊन आलं आणि लगेच गेलं. तिसऱ्या दिवशी ती वरून कोरडी, आतून ओली. रोज तिसऱ्या प्रहरी ठकूबाई यायची, वाकायची, सुरकुतलेला गाल सुताला लावायची.

"ओली हाय अजून," म्हणायची.

"दहिवर लई पडतंय औंदा," शांताराम कुरकुरायचा.

आणि वैजंताला बरं वाटायचं. लाज वाटण्याइतकं बरं वाटायचं. ओली म्हणजे आणखी एक दिवस. आणखी एकदा अंगण सारवायचं, आणखी एकदा घड विरळायचे, रंगनाथच्या हाताने बांधलेल्या तारांखालून आणखी एकदा वाकून जायचं. ज्या थंडीने त्याला नेलं, तिलाच ती मनातल्या मनात म्हणायची, रहा बाई आणखी थोडी.

सहाव्या पहाटे तिला झोप लागली नाही. उठून ती बागेकडे निघाली. धुकं राखाडी होतं, पूर्व अजून मोरपिशी होती. सतरंजीपाशी कुणीतरी वाकलं होतं.

ठकूबाई होती. अनवाणी, पाठीचा बाक धुक्यात बुडालेला, पायाशी कळशी. ती ओंजळ भरत होती आणि सतरंजीच्या आतल्या घडीत पाणी सोडत होती. जपून, निगुतीने, वरची बाजू दहिवराएवढीच भिजेल अशा बेताने. बोटं निळी पडली होती. एक ओंजळ, दुसरी ओंजळ, तिसरी ओंजळ.

वैजंताला उमगलं. आपण या बाईला हव्या आहोत. कडाक्याच्या थंडीत, म्हाताऱ्या हातांनी, ही आपल्यासाठी एकेक दिवस चोरते आहे. पुढे धावावं, ते निळे हात आपल्या कुशीत उबवावेत, असं तिला वाटलं. तिने पाऊल उचललंसुद्धा.

आणि ते पाऊल तिथेच थांबलं. पाणी ओतायला रोज पहाटे उठणारी ही बाई, त्या दुपारी तोंड उघडायला उठली नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "इतक्या ओंजळी कशाला? एक शब्द पुरला असता."

ठकूबाई दचकली नाही. कळशीकडे बघत बोलली. "शांतारामच्या हातचं खाती मी, पोरी. उद्या त्याच्याच दारात मरायचंय मला. माझ्या हातात एवढंच व्हतं."

"शेत तुमच्या नावावर हाय."

"नावावर हाय," ठकूबाई म्हणाली, आणि ओली ओंजळ पदराला पुसली.

वैजंताला तिची दया आली, आणि दयेहून मोठी चीड आली. भेकडाची माया फार वाईट. ती उपाशीही ठेवत नाही आणि पोटभर वाढतही नाही. माणसाला उंबऱ्यात ताटकळत ठेवते. या बाईच्या जिवावर उद्याची वाट बघायची, परवाची बघायची, आणि एके दिवशी ऊन कडक पडलं की निमूट निघायचं, असलं जगणं तिला नको झालं.

तिने सतरंजी तारेवरून ओढली. एकटीने ओढली. खांद्यावर, पाठीवर, चिखलातून, दवातून, ओळीओळींमधून ती तिने शेकोट्यांपर्यंत नेली, आणि तारांवर पसरून खाली विस्तव वाढवला. सुतातून वाफ निघाली. पांढरी, दाट, सर्पिल वाफ. तिने ती उलटली, पुन्हा उलटली, काठीने झोडली, पिळली, पुन्हा पसरली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा निळा निळा झाला होता, तांबडा तांबडा झाला होता, आणि तिचे तळवे भाजले होते.

घडी करून तिने ती ओटीवर ठेवली. शेजारी आपलं गाठोडं ठेवलं. शांताराम येऊन उभा राहिला. त्याला सतरंजी वरच्या आळीत पोचवायची होती, तिथे आज पहाटे कुणी म्हातारं गेलं होतं.

ठकूबाई वाकली. गाल लावला. सूत उबदार होतं, भाकरीसारखं उबदार होतं.

ती तशीच राहिली. ओली हाय म्हटलं असतं तर कुणी तपासलं नसतं. राहू द्या म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. दोन्ही शब्द तिच्या ओठांपर्यंत आले असतील. वैजंता बघत होती. तेराव्याला बघत होती तशीच, श्वास धरून. इतकं होऊनही तिला आशा होती, आणि त्या आशेचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"आई, ऊन उतरतंय," शांताराम म्हणाला.

"वाळली," ठकूबाई म्हणाली. गाल मात्र तिने बराच वेळ उचलला नाही.

वैजंताने गाठोडं घेतलं. पायांना हात लावला नाही. बांधाबांधाने, बागेच्या कडेकडेने ती एसटीच्या थांब्याकडे चालू लागली, आणि उतरत्या उन्हाने तिची सावली लांब, आणखी लांब केली.

शांतारामने घडी उचलून उजव्या खांद्यावर टाकली. वरच्या आळीच्या चढाला मानेपाशी त्याला काहीतरी गार लागलं, ओलं लागलं, गालाएवढ्या जागेत. त्याने खांदा बदलला, आणि चालत राहिला.